ट्रॅक्टर-ट्रॉलीची जोडणी : लहानशी पिन, टनावारी भार

हिंगोली जिल्ह्यात ऊसतोडणी सुरू झाली, की रस्त्यांचे रूप पालटते. येलदरी व सिद्धेश्वर धरणांच्या कालव्यांवर पोसलेला वसमत भागातील ऊस पूर्णा सहकारी साखर कारखान्याच्या दिशेने निघतो. ऊस संपत येतो न येतो तोच हळद काढणीची धांदल सुरू होते आणि वाळवून, पॉलिश करून पोत्यांत भरलेली हळद वसमत व हिंगोलीच्या बाजारपेठांकडे जाऊ लागते. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही वार्ता सर्वदूर पोहोचली; मात्र ती हळद शिवारातून बाजारापर्यंत आणणाऱ्या ट्रॉलीच्या पिनेची दखल क्वचितच घेतली जाते. सोयाबीन असो, ऊस असो वा हळद, या जिल्ह्यातील शेतमालाचा मोठा हिस्सा ट्रॅक्टरमागे जोडलेल्या ट्रॉलीतून प्रवास करतो आणि त्या ट्रॉलीचा सगळा भार शेवटी हातभर लांबीच्याही नसलेल्या एका लोखंडी पिनेवर येतो.

ही पिन निसटली किंवा तुटली, तर मागे उरते ते चालकाविना धावणारे काही टनांचे वाहन. चढावर ते उलट्या दिशेने घरंगळते, उतारावर पुढे धावते, तर सपाट रस्त्यावर त्याची दांडी डांबरात रुतून ते आडवे होते. अशा वेळी मागून येणारा दुचाकीस्वार, मोटारचालक किंवा कडेने चालणारा पादचारी यांच्या हातात फारसे काही उरत नाही. म्हणूनच जोडणीची देखभाल हा केवळ ट्रॅक्टरमालकाच्या सोयीचा विषय राहत नाही. तो रस्त्यावरील प्रत्येकाच्या सुरक्षिततेचा विषय ठरतो. विशेष म्हणजे ही देखभाल खर्चिक नाही. त्यासाठी लागते ती नियमितता आणि झीज डोळ्यांनी न जोखता मोजून पाहण्याची सवय.

जोडणीचे घटक

ट्रॅक्टरच्या मागील बाजूस ट्रॉली जोडण्याची व्यवस्था साधारणतः दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात ट्रॅक्टरच्या मागील सांगाड्याला बोल्टने पक्का बसविलेला जबड्यासारखा हूक असतो. त्याच्या वरच्या व खालच्या पट्टीत समोरासमोर छिद्रे असतात. ट्रॉलीच्या दांडीची कडी या जबड्यात सरकवून वरून पिन सोडली जाते. दुसऱ्या प्रकारात हायड्रॉलिकच्या दोन खालच्या दांड्यांमध्ये छिद्रांची आडवी पट्टी बसवून तिला अवजार अथवा हलकी ट्रॉली जोडतात. अवजड वाहतुकीसाठी पहिला प्रकारच योग्य मानला जातो. दुसऱ्या प्रकारात पट्टीची उंची स्थिर ठेवणाऱ्या आधारदांड्या लावलेल्या नसतील, तर पट्टी वर-खाली व डावी-उजवीकडे हलते आणि ट्रॉलीचा झोका वाढतो.

ट्रॉलीकडील बाजूस कडी, ती ज्या दांडीला जोडलेली असते ती दांडी, आणि चारचाकी ट्रॉली असल्यास दांडी पुढच्या आखाला जोडणाऱ्या दोन बिजागरी पिना व पुढचा आख वळविणारी गोल फिरती तबकडी, असे भाग असतात. दुहेरी ट्रॉलीत पहिल्या ट्रॉलीच्या मागे आणखी एक हूक असतो. या साखळीतील सर्वांत दुबळा दुवा जेवढा भक्कम, तेवढीच सगळी जोडणी भक्कम. तपासणी मात्र बहुधा ट्रॅक्टरजवळच्या पिनेपाशीच थांबते, कारण ती डोळ्यांसमोर असते. बिजागरी पिना व मागचा हूक ऊस-मातीच्या थराखाली दुर्लक्षित राहतात.

भार येतो कसा?

पिनेवर केवळ ओढण्याचाच भार येतो, असा समज आहे. प्रत्यक्षात सपाट डांबरी रस्त्यावर संथ गतीने चालताना हा भार तुलनेने कमी असतो. चढ लागला की तो वाढतो. वीस मीटर अंतरात एक मीटर चढणाऱ्या रस्त्यावर वीस टनांची दुहेरी ट्रॉली ओढताना केवळ चढामुळेच पिनेवर सुमारे एक टनाचा अतिरिक्त ताण येतो. काळ्या मातीच्या ओल्या शेतातून भरलेली ट्रॉली बाहेर काढताना चाके रुततात आणि ताण त्याहूनही वाढतो.

खरी कसोटी लागते ती ब्रेक लावल्यावर. बहुतेक शेती ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. ट्रॅक्टर थांबतो, पण मागची ट्रॉली पुढे ढकलत राहते. दहा टनांची ट्रॉली ताशी पंधरा किलोमीटर वेगाने जात असताना एका सेकंदात थांबवायची झाल्यास जोडणीवर चार टनांहून अधिक वजनाइतका दाब येतो. ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन दोन टनांच्या आसपास असते, हे लक्षात घेतले म्हणजे या दाबाचा अर्थ कळतो. वेग दुप्पट झाला, की थोपवावी लागणारी ऊर्जा दुप्पट न होता चौपट होते.

त्यातच पिन व कडी यांच्यातील मोकळी जागा वाढलेली असेल, तर भार एकसारखा न येता ठोक्यासारखा येतो. निघताना मागे झटका, थांबताना पुढे झटका, खड्ड्यात वर-खाली झटका. घणाचे असे घाव दिवसाकाठी शेकडो वेळा बसतात. लोखंड एका मोठ्या भाराने क्वचितच तुटते. लहान लहान घावांनी त्यात सूक्ष्म तडा जातो, तो वाढत राहतो आणि एके दिवशी नेहमीच्याच रस्त्यावर, नेहमीच्याच भाराखाली पिन तुटते. ‘कालपर्यंत तर चांगली होती’ या उद्गाराचे कारण हेच आहे.

झीज मोजावी कशी?

पिन बाहेर काढून, डिझेलने धुऊन, तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ करावी. कडी जेथे टेकते त्या मधल्या भागात झीज सर्वाधिक असते. तेथे कमरेसारखी खाच पडलेली दिसते. व्हर्नियर कॅलिपरने पिनेच्या डोक्याजवळचा न झिजलेला व्यास आणि खाचेतील सर्वांत कमी व्यास, अशी दोन मापे घ्यावीत. कॅलिपर घरी नसला, तरी तालुक्याच्या ठिकाणी लेथचे काम करणाऱ्या कोणत्याही कारखानदाराकडे हे काम दोन मिनिटांत होते.

पिनेची झीज दिसते त्यापेक्षा अधिक घातक असते. तीस मिलिमीटर व्यासाची पिन झिजून सत्तावीस मिलिमीटर झाली, तर नजरेला फरक जाणवतही नाही. पण पिनेचा कापला जाण्यास होणारा प्रतिकार तिच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो आणि ते क्षेत्रफळ या झिजेने सुमारे १९ टक्क्यांनी घटलेले असते. वाकण्याचा प्रतिकार व्यासाच्या घनावर अवलंबून असल्याने तो सुमारे २७ टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे व्यासातील एक दशांश झिजेने पिनेच्या ताकदीचा चौथा हिस्सा निघून जातो. भार उचलण्याच्या साखळ्या व कड्यांच्या बाबतीत उद्योगक्षेत्रात एक दशांश झीज ही वस्तू बाद करण्याची रूढ मर्यादा आहे. ट्रॅक्टर किंवा ट्रॉलीच्या निर्मात्याने पुस्तिकेत वेगळी मर्यादा दिली असल्यास ती पाळावी. तशी नसल्यास हाच दंडक पिनेलाही लावणे शहाणपणाचे ठरते.

कडीचीही तपासणी याच पद्धतीने करावी. कडीचे भोक गोल असते. ओढ एकाच दिशेने येत असल्याने ते हळूहळू अंड्याच्या आकाराचे होते. आडवा व उभा असे दोन्ही व्यास मोजले, की हा फरक लक्षात येतो. कडीची पुढची कड पातळ झालेली असल्यास कडीच बदलावी. जबड्याच्या वरच्या-खालच्या पट्ट्यांतील छिद्रेही अशीच लांबट होतात. नवी पिन लांबट छिद्रांत घातली, तर ती तिरपी बसते, तिचा भार एकाच कडेवर येतो आणि ती जुन्या पिनेपेक्षाही लवकर झिजते. झिजलेल्या हुकात नुसती नवी पिन घालणे म्हणजे फाटक्या खिशात नवी नोट ठेवण्यासारखे आहे.

पिन कशी असावी?

पिन ही त्या कामासाठीच बनविलेली, योग्य पोलादाची आणि पुरेशा लांबीची असावी. हंगामाच्या घाईत पिन हरवली, की बांधकामाची सळई, जुना आख किंवा हाताला लागेल तो बोल्ट घालून वेळ मारून नेली जाते. बांधकामाची सळई या कामाच्या कसाची नसते, शिवाय तिच्यावरील कंगोऱ्यांमुळे ती कडीशी नीट टेकत नाही. बोल्टचे आटे भाराच्या जागी आले, तर प्रत्येक आटा ही तडा जाण्याची तयार जागा ठरते. छिद्रापेक्षा बारीक पिन घालणे हेही तितकेच धोक्याचे, कारण मोकळी जागा जेवढी अधिक तेवढा ठोका मोठा.

पिन नेहमी वरून खाली घालावी. वरून घातलेली पिन क्लिप पडली तरी काही काळ स्वतःच्या वजनाने जागेवर राहते. खालून घातलेली पिन क्लिपबरोबरच खाली पडते. खालच्या टोकाला असलेल्या भोकात स्प्रिंगची क्लिप अवश्य लावावी. तारेचा वेढा, सुतळी किंवा वाकविलेला खिळा हा क्लिपला पर्याय नव्हे. खडबडीत रस्त्यावर पिन सतत उड्या घेते आणि क्लिप नसेल, तर काही किलोमीटरमध्ये ती जबड्यातून वर निघून येऊ शकते. क्लिप लहान साखळीने हुकाला बांधून ठेवल्यास हरवत नाही. अवजारांच्या पेटीत एक जादा पिन व दोन क्लिपा ठेवल्या, तर रस्त्यात सळई शोधण्याची वेळच येत नाही.

वेल्डिंगचा मोह

झिजलेल्या पिनेवर वेल्डिंगचा थर चढवून ती पुन्हा जाड करण्याची पद्धत अनेक ठिकाणी आढळते. ही पद्धत टाळावी. कडक केलेल्या पोलादाला वेल्डिंगची उष्णता लागली, की त्याचे मूळ गुणधर्म बदलतात. काही भाग मऊ पडतो, काही ठिसूळ होतो, आणि दोहोंच्या सीमेवर तडा जाण्याची शक्यता वाढते. पिन दिसायला जाड होते, प्रत्यक्षात अधिक बेभरवशाची बनते. पिन ही झिजून टाकून देण्याचीच वस्तू आहे.

दांडी व कडी यांचा सांधा, दांडीची बिजागरी आणि पहिल्या ट्रॉलीचा मागचा हूक ही वेल्डिंगची ठिकाणे वेगळ्या कारणाने तपासावी लागतात. तडे बहुधा वेल्डिंगच्या कडेलाच सुरू होतात. रंग उडून तेथे गंजाची बारीक तांबूस रेषा दिसू लागली, तर ती तड्याची खूण समजावी. शंका असल्यास एक जुनी व सोपी पद्धत उपयोगी पडते. तो भाग घासून स्वच्छ करावा, त्यावर रॉकेल लावून काही वेळ मुरू द्यावे, नंतर कोरड्या कापडाने पुसून खडूची पूड किंवा चुन्याची निवळी लावून वाळू द्यावी. तडा असल्यास आत मुरलेले रॉकेल पांढऱ्या थरावर काळपट रेषेच्या रूपाने उमटते. असा तडा आढळल्यास वरवर वेल्डिंगचा टाका न मारता तो पूर्ण कोरून काढून, कुशल कारागिराकडून पुन्हा सांधून घ्यावा. शक्य असल्यास तो भागच बदलावा.

हूक ट्रॅक्टरला ज्या बोल्टने बसविलेला असतो, ते बोल्ट हादऱ्यांनी सैल होतात. हलक्या हातोडीने ठोकून पाहिल्यास घट्ट बोल्टचा आवाज खणखणीत येतो, तर सैल बोल्टचा बद्द येतो. अंतिम खात्री मात्र पान्यानेच करावी.

ग्रीस केव्हा व किती?

बैलगाडीच्या काळात आखाला वंगण घातल्याशिवाय गाडी लांबच्या वाटेला जुंपली जात नसे. ट्रॉलीच्या बाबतीत ती शिस्त काहीशी मागे पडली आहे. चारचाकी ट्रॉलीची फिरती तबकडी आणि दांडीच्या बिजागरी पिना यांना हंगामात रोज ग्रीस द्यावे. निप्पल मातीने बुजलेले असेल, तर ग्रीसगनने कितीही दाब दिला तरी ग्रीस आत जात नाही. म्हणून आधी निप्पल पुसावे आणि जुने काळे ग्रीस कडेने बाहेर येईपर्यंत नवे भरावे. तबकडी कोरडी पडली, की ट्रॉली वळणावर अडखळते आणि तिचा आडवा ताण थेट कडीवर येतो.

मुख्य पिनेलाही ग्रीसचा पातळ हात द्यावा, पण जुने पुसून काढूनच. ग्रीसमध्ये धूळ व वाळूचे कण मिसळले, की त्याची घासणारी लुगदी तयार होते आणि ते झीज थांबविण्याऐवजी वाढविते. मातीने माखलेल्या पिनेवर थरावर थर ग्रीस चढविणे ही देखभाल नव्हे.

उंचीचा प्रश्न

ट्रॉली जोडण्याची जागा नेहमी ट्रॅक्टरच्या मागील आखाच्या पातळीखाली असावी. ट्रॉली रुतली असता अधिक जोर मिळावा म्हणून साखळी किंवा दोर वर, हायड्रॉलिकच्या वरच्या दांडीच्या जागी बांधण्याचा प्रकार कधीकधी घडतो. असे केल्यास ओढ मागच्या आखाच्या वर लागते. पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागे उलटून चालकाच्या अंगावर येऊ शकतो. ही क्रिया दीड सेकंदाच्या आत पूर्ण होऊ शकते. क्लचवर पाय नेण्याइतकाही अवधी चालकाला मिळत नाही.

दोनचाकी ट्रॉलीत मालाची मांडणीही जोडणीवर परिणाम करते. माल पुढच्या बाजूला अधिक भरला, तर हुकावर वजन येऊन ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात व स्टेअरिंग ऐकेनासे होते. माल मागे अधिक भरला, तर दांडी वर उचलली जाते, पिन जबड्यात वरच्या बाजूला ओढली जाते आणि ट्रॉली डोलू लागते. भार चाकांवर राहील, पण थोडासा कल पुढे असेल, अशी मांडणी योग्य होय.

सुरक्षा साखळी : दुसरा आधार

पिन कितीही चांगली असली, तरी तिच्यावर सर्व भरवसा टाकू नये, हे तत्त्व जगभर मान्य आहे. युरोप-अमेरिकेत मोटारघरामागे छोटी मोटार ओढत नेण्याची पद्धत आहे. तेथे ओढदांडा, त्याच्या पिना व क्लिपा यांच्या जोडीला सुरक्षा साखळ्या किंवा तारदोर, ओढल्या जाणाऱ्या मोटारीसाठी पूरक ब्रेक आणि मागचे दिवे यांची तपासणी हा प्रवासापूर्वीचा नित्याचा भाग असतो. मोटारघरांचे पर्यटन महाराष्ट्रातही मूळ धरू पाहत असून राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केले. तरीही मोटारघरामागे मोटार जोडून नेण्याचा प्रकार येथे रूढ नाही. आपल्याकडे जोडवाहनांचा खरा संसार ट्रॅक्टर-ट्रॉलीचाच आहे. तेथील सुट्टीच्या प्रवासात पाळली जाणारी ही शिस्त टनावारी ऊस वाहणाऱ्या जोडणीला तर अधिकच लागू पडते.

साखळी भरलेल्या ट्रॉलीच्या एकूण वजनाइतका ताण सोसू शकेल अशी असावी. जनावरे बांधण्याची साखळी येथे उपयोगाची नाही. तिचे एक टोक ट्रॅक्टरच्या सांगाड्याला आणि दुसरे ट्रॉलीच्या दांडीला स्वतंत्रपणे जोडावे. ती त्याच पिनेत अडकविली, तर पिनेबरोबर साखळीही सुटते आणि तिचा हेतूच फसतो. वळणावर ताण येणार नाही इतकीच ढील तिला द्यावी. जमिनीवर घासणारी साखळी झिजते व अडकते. दोन साखळ्या असल्यास त्या दांडीखालून एकमेकींना छेदून बांधाव्यात, म्हणजे दांडी निसटलीच तर ती रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत राहते.

मागच्या ट्रॉलीचा हूक

दुहेरी ट्रॉलीत ट्रॅक्टरजवळच्या पिनेवर दोन्ही ट्रॉल्यांचा भार असतो, तर मधल्या पिनेवर केवळ मागच्या ट्रॉलीचा. यावरून मधली जोडणी कमी महत्त्वाची वाटते. प्रत्यक्षात अपघाताच्या दृष्टीने तीच अधिक संशयास्पद असते. ट्रॅक्टरचा हूक कारखान्यात तयार झालेला असतो, मधला हूक मात्र अनेकदा स्थानिक कारागिराने ट्रॉलीच्या मागच्या आडव्या पट्टीला सांधलेला असतो. ती पट्टी मुळात एवढ्या ओढीसाठी योजलेली असेलच असे नाही. हूक सांगाड्याच्या मुख्य लांब पट्ट्यांपर्यंत आधार देऊन बसविलेला असावा. शिवाय मधली पिन चालकाच्या नजरेच्या टप्प्यात नसते. ती निसटली, तर इंजिनाच्या आवाजात चालकाला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यामुळे सुरक्षा साखळीची गरज मधल्या जोडणीला अधिक आहे.

मागची ट्रॉली डोलत असेल, तर त्यामागे जोडणीतील वाढलेली ढिलाई, टायरमधील असमान हवा, मागे झुकलेला भार किंवा अतिवेग यांपैकी एक अथवा अनेक कारणे असतात. वेग हळूहळू कमी करणे हा तात्कालिक उपाय. उतारावर अचानक ब्रेक दाबल्यास मागची ट्रॉली पुढचीला ढकलते आणि सगळी गाडी कात्रीसारखी घडी होऊन आडवी होते. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा आणि गाडी कधीही न्यूट्रलमध्ये सोडू नये. रस्त्यावर ट्रॅक्टरचे डावे व उजवे ब्रेक पेडल खिटीने जोडलेले असावेत. एकाच बाजूचा ब्रेक लागला, तरी हीच आपत्ती ओढवते.

जोडताना आणि सोडताना

दुखापती केवळ रस्त्यावर होतात असे नाही. ट्रॅक्टर मागे घेत असताना कडी जबड्यात बसविण्यासाठी मदतनीस मध्ये उभा राहतो आणि चालकाचा पाय क्लचवरून घसरला, तर तो दोन लोखंडांमध्ये चिरडला जाऊ शकतो. मदतनिसाने बाजूला, चालकाला दिसेल असे उभे राहावे. दांडी हातांनी न पेलता जॅकवर किंवा आधारावर योग्य उंचीला ठेवावी. ट्रॅक्टर थांबवून, गिअर काढून, हातब्रेक लावल्यावरच पिन घालण्यास पुढे व्हावे. छिद्रे जुळली की नाही हे बोट घालून कधीही पाहू नये. ट्रॉली सोडण्यापूर्वी तिच्या चाकांखाली दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत.

उलटणाऱ्या ट्रॉलीच्या हायड्रॉलिक नळ्या आणि दिव्यांची वायर वळणावर ताणली जाणार नाही, पण लोंबून घासणारही नाही, इतक्या लांबीची ठेवावी. ऊस ट्रॉलीच्या मागे बाहेर आला, की मागचे दिवे व परावर्तक झाकले जातात. रात्री लाल फडके दिसत नाही. परावर्तक पट्ट्या उसाच्या टोकांना झाकल्या जाणार नाहीत अशा जागी, मागे व दोन्ही बाजूंना असाव्यात आणि त्यांवरील चिखल रोज पुसावा.

तपासणीचे वेळापत्रक

रोज, गाडी निघण्यापूर्वी : पिन पूर्ण खाली बसली आहे, क्लिप जागेवर आहे, साखळी जोडलेली आहे, मागचे दिवे लागतात, याची खात्री. बिजागरी व तबकडीला ग्रीस. दोन मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागत नाही. भरलेली गाडी पहिल्या एक-दोन किलोमीटरनंतर थांबवून पिना पुन्हा पाहाव्यात.

दर आठवड्याला : हुकाचे बोल्ट पान्याने पाहणे, पिना काढून धुणे, वेल्डिंगच्या कडा न्याहाळणे, टायरमधील हवा सारखी करणे.

दर महिन्याला : पिन व कडी यांची मापे घेऊन वहीत नोंदविणे. एका मापावरून फारसे कळत नाही, पण चार महिन्यांच्या नोंदींवरून झिजेचा वेग कळतो आणि पिन हंगाम संपेपर्यंत टिकेल की नाही याचा अंदाज बांधता येतो.

हंगामापूर्वी : सगळी जोडणी उकलून स्वच्छ करणे, तड्यांची चाचणी, झिजलेल्या भागांची बदली. हंगामानंतर पिना पुसून, तेलाचा हात देऊन छपराखाली ठेवणे. मृगाच्या पावसात उघड्यावर पडलेल्या पिनेवर गंजाचे खळगे पडतात आणि पुढील हंगामात तडे तेथूनच सुरू होतात.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील व्याख्येनुसार ट्रेलर हेही ‘मोटार वाहन’च आहे. म्हणजे ट्रॉली ही ट्रॅक्टरची शेपटी नसून कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र वाहन आहे. तिची नोंदणी व विमा यांचा विचार ट्रॅक्टरपासून वेगळा करावा लागतो. ट्रॉलीचा विमा नसताना ती सुटून अपघात झाला, तर भरपाईचा वाद मालकाच्या दारात येण्याचा धोका असतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मर्यादेपेक्षा अधिक भार वाहिल्यास वीस हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंडाची तरतूद आहे. दंडाचा विचार बाजूला ठेवला, तरी जादा टनाची किंमत आधी पिन व कडी मोजत असतात.

ट्रॉली माणसे नेण्यासाठी नसते, हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही कामाच्या दिवसांत मजूर तिच्यातूनच जातात, कारण त्या शिवारापर्यंत जाण्यास दुसरे साधन नसते. ४ एप्रिल २०२५ रोजी वसमत तालुक्यातील गुंज येथील शेतमजूर महिलांना शेतकामासाठी घेऊन जाणारा ट्रॅक्टर नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात ट्रॉलीसह विहिरीत कोसळला आणि सात महिलांचा मृत्यू झाला. ती दुर्घटना ट्रॅक्टरवरील ताबा सुटल्याने घडली, पिन तुटल्याने नव्हे. ट्रॉलीत बसलेल्या माणसाच्या हातात ना स्टेअरिंग असते, ना ब्रेक, हे मात्र तिने कठोरपणे दाखवून दिले. ट्रॅक्टर जिकडे जाईल तिकडे ट्रॉली जाते, आणि ट्रॅक्टरपासून सुटली तर ती कोणाचीच राहत नाही.

शहरी वाहनचालकांनी काय ध्यानात ठेवावे?

अकोला-वाशीमकडून हिंगोली-कळमनुरीमार्गे नांदेडला जाताना किंवा परभणी-वसमत-नांदेड रस्त्यावर हंगामात अशा गाड्या हमखास भेटतात. दुहेरी ट्रॉलीसह ट्रॅक्टरची लांबी पंधरा मीटरच्या आसपास भरते. ओलांडताना एखाद्या मोटारीला लागतो त्यापेक्षा कितीतरी अधिक मोकळा रस्ता समोर दिसायला हवा. चढावर ट्रॉलीच्या अगदी मागे थांबू नये. मागची ट्रॉली डोलताना दिसली, दांडी तिरपी वाटली किंवा लोखंडावर लोखंड आपटल्याचा मोठा आवाज येऊ लागला, तर अंतर वाढवावे आणि सुरक्षितपणे पुढे जाता आल्यास चालकाला खूण करावी. मागच्या पिनेची स्थिती त्याला दिसत नसते, मागून येणाऱ्याला ती दिसू शकते.

ट्रॅक्टरच्या आणि त्यातील मालाच्या किमतीपुढे एक पिन, दोन क्लिपा आणि एका साखळीचा खर्च नगण्य आहे. ऊस किंवा हळद एक फेरी उशिरा पोहोचली, तर होणारे नुकसान भरून निघते. म्हणून झिजलेली पिन हंगामाच्या ऐन घाईतही बदलावी आणि बदललेली जुनी पिन घरात न ठेवता थेट भंगारात द्यावी. ती हाताशी राहिली, तर पुढच्या अडचणीच्या वेळी पुन्हा हुकात जाण्याची शक्यता असते.